मेणातला तुकडा जपा!

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात जाते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवले जातात. काडेपेटीहून लहान असा हा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’. त्याचे अतिपातळ काप काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रिपोर्ट मिळतो, रुग्ण घरी जातो आणि ब्लॉकचा सगळ्यांनाच विसर पडतो. कुठे जागा नाही म्हणून तो टाकून देतात, कुठे नोंदच सापडत नाही. ही हेळसांड थांबली पाहिजे.

कारण हा रोग मानेतल्या ग्रंथींत पसरेल का, याचं उत्तर बऱ्याच अंशी याच तुकड्यात असतं. आणि रोग ग्रंथींत शिरला की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कॅन्सरची प्रतवारी मांडली. पेशी मूळ पेशींशी जितकं साम्य राखून, तितका ग्रेड कमी. आजही रिपोर्टवर ग्रेड असतो. पण बरेचसे रुग्ण मधल्याच ग्रेडमध्ये येतात, त्यामुळे एवढ्यावर भाकीत होत नाही. पुढे नॉर्वेच्या ब्रिन आणि सहकाऱ्यांनी गाठीची सर्वांत खोल, पुढे सरकणारी कड तपासण्यावर भर दिला. पेशी तिथे एकसंध सरकतात की सुट्या होऊन घुसतात, यावरून रोगाचा पुढचा स्वभाव जास्त नेमका कळतो. वरवरच्या बायोप्सीत ही कड बहुधा येतच नाही. ती ऑपरेशनच्या ब्लॉकमध्येच सापडते.

आता गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून तिच्यावरही टप्पा ठरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला २०१५चा अभ्यास सांगतो, की सुरुवातीच्या टप्प्यातच मानेच्या ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहून, रोग मानेत दिसला तरच काढायच्या असं ठरलेल्यांत ६७.५ टक्के. ग्रंथी आधीच काढायच्या का, अशा निर्णयांत मिलिमीटरची मोजणी मोलाची ठरते. रोग पुन्हा उलटला, तर इम्युनोथेरपीसाठी लागणारी पीडी-एल१ चाचणीही याच ब्लॉकवर करता येते.

खर्रा, मावा, मिश्री, गुटखा यांनी घरंच्या घरं पोखरली जात असताना हा पुरावा आपण गमावणं परवडणारं नाही.

नातेवाइकांनो, डिस्चार्जच्या वेळी ब्लॉकचा नंबर लिहून घ्या. रिपोर्टात गाठीची खोली, नसांभोवतीचा शिरकाव आणि ग्रंथींची स्थिती नोंदवली आहे का, हे विचारा. ब्लॉक दुसरीकडे न्यायचा असेल तर पोच घ्या आणि तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

सर्जननो, गाठीची दिशा टाक्यांनी दाखवा आणि ती वेळ न दवडता पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये टाका. पॅथॉलॉजिस्टनो, खोल कडेचा ब्लॉक वेगळा नोंदवा आणि काप घेताना तो संपवू नका.

शासकीय महाविद्यालयांनो आणि रुग्णालयांनो, या ब्लॉकसाठी थंड, कोरडी खोली, नीट नोंदवही आणि जबाबदार माणूस द्या. खर्च फार नाही, इच्छा हवी. दहा वर्षांपूर्वीच्या रुग्णाचा ब्लॉक कुणी मागितला, तर तासाभरात तुमच्याकडे सापडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आजच कामाला लागा!