गिरणगाव कोणासाठी प्रेक्षणीय?

मुंबई पाहावयास येणाऱ्यांच्या यादीत अलीकडे लालबाग-परळची भर पडली आहे. गेट वे, राणीची बाग, चौपाटी ही ठरलेली स्थळे उरकल्यावर 'गिरणगावचा फेरफटका' मारण्याची हौस वाढत आहे. पाहुणे चाळींच्या लाकडी कठड्यांची छायाचित्रे घेतात, चिवडा गल्लीतून पुडे बांधून घेतात, मसाल्याच्या बाजारात मिरचीच्या खकाण्याने शिंकत पुढे सरकतात, कोठे तरी मासे-भाताचे ताट जेवतात आणि सायंकाळी लोअर परळच्या झगमगाटात शिरतात. ह्यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. किल्ले आणि राजवाडे पाहण्याची सवय लागलेल्या समाजाला श्रमिकांची वस्ती पाहावीशी वाटली, तर ते स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच आहे की, पाहुणा ज्याला ह्या भागाचे आकर्षण समजतो ते कशातून निर्माण झाले, हे त्याला कोणी सांगते काय?

खानावळीचेच पाहावे. पाहुण्याला तेथे 'अस्सल घरगुती चव' मिळते. ही चव मुंबईत आली ती कामगाराला घर नव्हते म्हणून. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर ह्यांनी ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढल्या काही दशकांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे पुरुष हजारोंनी गिरणीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मजुरी अशी की, तिच्यात बायकामुले मुंबईत आणणे बहुतेकांना अशक्य. ती गावी शेतावर राहिली आणि पुरुष गावकीच्या गाळ्यात. एका खोलीत दहा-पंधरा जण, ट्रंका भिंतीला लावलेल्या, आणि एकजण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीहून परतलेला दुसरा अंग टाकणार. ह्या माणसांना दोन वेळा जेवू घालण्याचे काम चाळीतल्या बायकांनी उचलले. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, नवऱ्याची गिरणी सुटलेल्या होत्या. पगार झाला की महिन्याचे पैसे मिळायचे. तोवर किराणा सावकाराच्या व्याजाने आणायचा. भोंग्याच्या आधी चूल आणि शेवटच्या पाळीनंतर भांडी, असा त्यांचा दिवस. त्यांच्या श्रमाची नोंद गिरणीच्या कोणत्याही खात्यात नव्हती. त्या कामगार गणल्या जात नव्हत्या आणि, स्पष्टच बोलायचे तर, कामगार संघटनांनीही फार काळ त्यांना कामगार मानले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून ह्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा कोठे सावकाराची पकड सैल होऊ लागली. १९८२ च्या संपात महिनोन्‌महिने पगार नसलेल्या कामगारांना ह्याच बायकांनी उधारीवर जेवू घातले. त्या उधारीतली किती वसूल झाली, हा प्रश्न ताटावर बसलेल्या पाहुण्याच्या मनात येण्याचे कारण नाही. तो यावा अशी व्यवस्था मात्र करता येईल.

गणेशोत्सवातली गर्दी हे लालबागचे सर्वांत मोठे आकर्षण. दर्शनासाठी माणसे रात्र-रात्र रांगेत उभी असतात आणि प्रतिष्ठितांची सोय वेगळ्या वाटेने होते, हे दर वर्षीचे दृश्य आहे. पण 'लालबागचा राजा' नवसाला पावतो अशी जी ख्याती आहे, तिच्या मुळाशी कोणता नवस होता? १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला. उघड्यावर बसण्याची पाळी आलेल्या कोळी आणि किरकोळ विक्रेत्यांनी कायमची बाजारजागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली मूर्ती बसली. पोट भरण्यासाठी जागा हवी, आणि ती ज्या वस्तीत आपण राहतो तेथेच हवी, ही ती मागणी होती. नव्वद वर्षांनंतर त्याच परिसरातला गिरणी कामगार हीच मागणी घेऊन सरकारच्या दारात उभा आहे, आणि त्याच्या वाटेला प्रतिष्ठितांची रांग नाही.

लोअर परळविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. कमला, मथुरादास, टोडी ही गिरण्यांची नावे आता उपाहारगृहांच्या पत्त्यांपुरती शिल्लक आहेत. एखादी चिमणी शोभेसाठी ठेवलेली दिसते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले आणि माणसांचा लोंढा वाढला. पूल मात्र होता तसाच राहिला. पुढे स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी झाले.

ह्या बदलाला 'काळाचा महिमा' म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो कायद्याचा महिमा आहे. मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरवली होती. २००१ साली ह्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी साऱ्या जमिनीची न होता, बांधकामाखाली नसलेल्या मोकळ्या तुकड्याचीच व्हावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ वाटणीच्या बाजूने कौल दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. काही शब्दांच्या फेरफाराने बागा गेल्या, मैदाने गेली आणि कामगारांच्या घरांची जमीन आकसली. लोअर परळला भेट देणाऱ्याला एकच वस्तू दाखवायची असेल, तर ती ह्या दुरुस्तीची प्रत होय.

ह्याचा अर्थ जुने गिरणगाव नंदनवन होते असा नव्हे. स्मरणरंजनाची एक साथ सध्या आली आहे आणि पुरोगामी मंडळीही तिच्यातून सुटलेली नाहीत. चाळीतला एकोपा, भजनी मंडळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे ह्यांचे पोवाडे हे सारे खरे. पण त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याला सवर्णांना विटाळ वाटे. चांगल्या मजुरीचे खाते असे जातीने बंद होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला, तो त्यांना अवघड वाटला. समाजवाद्यांनाही स्वतःच्या इतिहासाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागेल. अशोक मेहता ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५० साली बोनससाठी झालेला संप सुमारे दोन महिने चालला आणि हरला. मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी ठरवणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा तेव्हाही आडवा आला आणि १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या मागे गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांनाही आडवा आला. बत्तीस वर्षांत तो अडथळा का दूर झाला नाही, हे विचारणारे फलक फेरफटक्याच्या वाटेवर कोठेही नाहीत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे. यंत्रे ठेवली जातील, साचे झळकतील. ते जरूर व्हावे. परंतु साचा चालवणारा माणूस तेथे मेणाचा असणार की हाडामांसाचा? त्रासन खात्यातली बाई, बदलीच्या आशेने रोज पहाटे दाराशी उभा राहणारा तरुण, मुकादमाची दस्तुरी, छातीत साठलेली कापसाची तूस, ह्या गोष्टी सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. १९८२ साली पंचविशीत असलेला बदली कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याची साक्ष नोंदवायला फार वर्षे उरलेली नाहीत.

आणि तो राहतो कोठे? म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली. पण अर्ज लाखांच्या घरात आणि घरे हजारांत. उरलेल्यांना मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने कर्जत आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या शेलू-वांगणीची वाट दाखवली. ह्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. 'मुंबईत जागा नाही' हे सरकारचे ठरलेले उत्तर आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच सरकारने वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना जुन्या खोलीच्या बदल्यात त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. चाळीतल्या भाडेकरूला त्याच जागी घर देता येते, तर जिच्यावर मनोरे उभे राहिले त्या गिरणीत आयुष्य घालवलेल्याला शहराबाहेर का? दोन्ही प्रकरणांचे कायदे वेगळे आहेत हे खरे. परंतु कायदा बदलता येतो, हे २००१ साली मालकांसाठी सिद्ध झालेलेच आहे.

परळला येणाऱ्यांत आणखी एक मोठा वर्ग आहे, त्याला कोणी पर्यटक म्हणत नाही. के. ई. एम. आणि टाटा रुग्णालयात उपचारांसाठी देशभरातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर पथाऱ्या टाकून राहतात. गाळ्यात उतरलेल्या पहिल्या कामगारासारखेच तेही गावाहून गाठोडे घेऊन आलेले, अनोळखी, स्वस्त जेवण शोधणारे. खानावळवाल्या बायकांच्या मुली-सुनांना रास्त व्याजाचे कर्ज आणि महापालिकेच्या मंडयांत ओटे मिळाले, तर ह्या पाहुण्यांची सोय होईल आणि वस्तीत रोजगारही राहील. लालबाग-परळच्या शाखांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि फेरफटक्याला येणाऱ्या तरुणांना चिवड्याच्या दुकानावरून थेट घरांसाठीच्या पुढल्या मोर्चाला न्यावे.