कुलुपांतील तबकड्या

उस्मानपुऱ्यांतील आमच्या घरीं एक जुनी शंभर पानी वही आहे. ती आमच्या थोरल्या काकांच्या हातची. काका १९६० नंतरचीं कांहीं वर्षें नोकरीनिमित्त लंडनला होते, आणि परत आले ते एक ट्रंकभर ग्रामोफोनच्या तबकड्या घेऊन. त्या बहुतेक इंग्लंडांतील नव्या जॅझ संगीताच्या असल्यामुळें घरांत त्यांना वाली कोणी नव्हता. काका वारले, ट्रंक माळ्यावर गेली, आणि पुढें एका दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं, म्हणजे इंग्रजी साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या मनुष्यानें, ती रद्दीवाल्याला वजनावर देऊन टाकली. वही तेवढी पुस्तकांच्या ढिगांत राहिली म्हणून वांचली. कांहीं वर्षांनीं ती सहज उघडून पाहिली. काकांनीं प्रत्येक तबकडीचें नांव, साल, वादक व वाद्यें अशी सारी माहिती सुवाच्य अक्षरांत नोंदून ठेवली होती. १९६६ सालच्या एका तबकडीखालीं ओळ होती: ‘तबला, केशव साठे’. ती वाचून आम्हीं वही मिटली, ती दोन दिवस पुन्हां उघडण्याचा धीर झाला नाहीं.

आमच्या चुकीची कबुली देण्यापुरताच हा विषय असता तर वाचकांचा वेळ आम्ही घेतला नसता. परंतु आम्हीं जें केलें तें आमच्यासारखीं कितीतरी सुशिक्षित घरें करीत आलीं आहेत, आणि करतांना आपण कांहीं घालवीत आहों याची त्यांना शंकाही येत नाहीं. म्हणून या गोष्टीचा थोडा रोखठोक विचार होणें अवश्य आहे.

प्रथम ती तबकडी कोणती हें सांगूं. तिचें नांव ‘इंडो-जॅझ सूट’. कलकत्त्यास जन्मलेले आणि तरुणपणींच लंडनला जाऊन राहिलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांची ती रचना. जमेकांत जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचा पांच जणांचा जॅझवृंद एका बाजूस, आणि मेयर यांचा पांच जणांचा दुसरा वृंद समोर, अशी तिची मांडणी होती. तिच्या चार भागांपैकीं दोहोंचीं नांवें ‘राग मेघ’ व ‘राग गौडसारंग’ अशीं आहेत. सतारीवर दिवाण मोतीहार, आणि तबल्यावर मुंबईहून तिकडे गेलेले केशव साठे. १९६७ सालीं याच मंडळींची ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ निघाली. त्याच वर्षीं साठे व मोतीहार यांनीं जर्मनींत स्विस पियानोवादिका इरेन श्वायट्सर यांच्या वृंदासह केलेलें वादन ‘जॅझ मीट्स इंडिया’ या नांवाच्या तबकडीवर आलें. पुढें दहा वर्षांनीं, १९७७ सालीं, जॉन रेनबर्न यांच्या इंग्रजी लोकगीतांच्या तबकडीवरही साठे यांचाच तबला वाजतो आहे. युरोपांतील नव्या संगीताच्या इतक्या प्रयोगांत ज्याचा हात होता त्या मराठी आडनांवाच्या तबलजीची ओळख मराठी रसिकांच्या किती घरांत आहे?

दुसरें नांव अमान्सिओ डिसिल्व्हा यांचें. गोमंतकीय कुटुंबांतील हे गिटारवादक १९३६ सालीं मुंबईंत जन्मले आणि पुढें लंडनला जाऊन राहिले. १९६९ सालीं त्यांच्या ‘इंटिग्रेशन’ व ‘हम दोनों’ या दोन तबकड्या डेनिस प्रेस्टन या निर्मात्यानें काढल्या. दुसरीचें नांव वाचून आमच्या वाचकांना देव आनंदचा चित्रपट आठवेल. परंतु हे दोघे म्हणजे डिसिल्व्हा आणि तेच जो हॅरियट. १९७२ सालीं मुद्रित झालेली त्यांची ‘कोंकण डान्स’ तर त्या वेळीं निघालीच नाहीं. ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली, आणि डिसिल्व्हा १९९६ सालींच वारले होते. आज या जुन्या तबकड्यांच्या मूळ प्रती विलायतेंतील हौशी संग्राहक शेंकडों पौंड मोजून घेतात. आम्हीं आमची ट्रंक किलोच्या भावानें दिली.

यावर पहिला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे, कारण एके काळीं आमचाही तोच होता. ‘हें संगीत परकें, त्याचें जतन ज्याचें त्यानें करावें.’ हा आक्षेप घेणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारतों, कीं बालगंधर्वांच्या रंगभूमीवर जो ऑर्गन वाजत होता तो काय पैठणास घडविला होता? पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटासाठीं ज्या वाद्यवृंदाला हातांशीं धरलें, त्याचे प्रमुख चिक चॉकलेट. यांचें खरें नांव अँटोनियो झेवियर वाझ, गांव गोव्यांतील हळदोणें, आणि वाद्य ट्रंपेट. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेल्या या गोमंतकीयांच्या स्वरांवर भगवानदादांच्या मागोमाग उभ्या महाराष्ट्रानें पाय हलविले. तेव्हां तें परकें वाटलें नाहीं. ज्याच्यावर नाचलों त्याचीं नांवें लिहून ठेवण्याची वेळ आली, कीं मात्र तें परकें होतें! यांत स्वदेशीचा अभिमान नाहीं. आळसाला घातलेलें तें सोंवळें आहे.

दुसरा आक्षेप आमच्या तरुण विद्यार्थ्यांचा. ते म्हणतात, ‘सर, आतां सारें मोबाईलवर मिळतें; या जड तबकड्या हव्यात कशाला?’ सारें मिळतें हें खरें नाहीं, आणि जें मिळतें तें कोणीतरी मूळ फीत किंवा तबकडी सांभाळली म्हणूनच मिळतें. शिवाय मोबाईलवर बहुधा वृंदप्रमुखाचें नांव व एक चित्र एवढेंच दिसतें. वेष्टनाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलीं साथीदारांचीं नांवें तेथें गळून पडतात, आणि आमचीं माणसें नेमकीं तेथेंच असतात. ‘इंडो-जॅझ सूट’वर तंबोऱ्यापुढें चंद्रहास ‘पैगणका’ असें नांव छापलेलें आहे. मराठी अथवा कोंकणी डोळ्याला त्या आडनांवाच्या शेवटचा ‘र’ गळाल्याचा संशय तत्काळ येतो. लंडनच्या संग्राहकाला तो येणार कोठून? तबकडी तो आमच्याहून चांगली सांभाळील, पण हा संशय घेण्याचें काम आमचें आहे, आणि तें आम्हीं केलें नाहीं तर दुसरें कोणी करणार नाहीं.

आतां ज्यांनीं तबकड्या फेंकल्या नाहींत, उलट जिवापाड जपल्या, त्यांच्याकडे वळूं. त्यांच्यापैकीं कित्येकांचे उपकार मोठे आहेत. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनें संग्राहकांना एकत्र आणलें, आपलें नियतकालिक चालविलें, आणि याद्या व माहिती छापून सर्वांपुढें ठेवली. संग्राहक असावा तर असा. परंतु दुसऱ्याही जातीचा संग्राहक आम्हीं पाहिला आहे. एकदां एका गृहस्थांकडे, काकांच्या वहींतील एक तबकडी आहे असें कळलें, म्हणून आम्ही मुद्दाम प्रवास करून गेलों. त्यांनीं कुलूप काढलें, वेष्टन दुरून दाखविलें आणि पुन्हां कुलूप लावलें. ऐकविण्याची विनंती केली तेव्हां म्हणाले, ‘वाजविली कीं किंमत उतरते.’ वेष्टनामागील नांवें उतरून घेऊं का असें विचारलें, तर तेंही नको. दुर्मिळ माहिती फुकट कां द्यावी!

आमचें म्हणणें असें, कीं रद्दीवाल्यास ट्रंक देणारे आम्ही आणि कुलूप लावणारे हे गृहस्थ यांच्यांत फारसा फरक नाहीं. आमच्या हातून तबकडी गेली; त्यांच्या हातीं ती आहे, पण संगीत दोघांकडूनही समाजाला मिळालें नाहीं. उलट कुलूपवाल्यांच्या पश्चात् त्यांचीं मुलें तीच ट्रंक त्याच रद्दीवाल्याला देतील, कारण आंत काय आहे हें त्यांना कोणीं सांगितलेलेंच नसेल. जी ध्वनिमुद्रिका कोणी ऐकत नाहीं आणि जिची कोठें नोंद नाहीं, ती जतन झाली असें म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. तबकडीच्या मालकाला तिचा भोग घेण्याचा अधिकार आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिच्यावरील वादनाचा तो मालक नव्हे, विश्वस्त आहे.

सरकारकडे बोट दाखविणें सोपें आहे, आणि थोडें दाखविलेंही पाहिजे. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकास आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर नेमलेल्या ग्रंथालयांस द्यावी लागते. १९५६ सालीं वृत्तपत्रेंही त्यांत आलीं. ग्रामोफोनची तबकडी मात्र त्या कायद्यांत नाहीं. चित्रपटांसाठीं १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय संग्रहालय निघालें. इंग्लंडांत १९५५ सालीं ध्वनिमुद्रणांसाठीं जी खासगी संस्था उभी राहिली, ती १९८३ सालीं ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाली. आपल्याकडे कानांनीं ऐकावयाच्या वस्तूला कायद्यानें पुस्तकाइतकाही मान दिलेला नाहीं. याचा परिणाम काय होतो पाहा. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडींतून अंतराळांत गेली, याचा आम्हांला केवढा अभिमान! पण ती तबकडी बाजारांतून नाहींशी झालेली असल्यामुळें निवड करणाऱ्यांना शोधाशोध करावी लागली, आणि अखेर न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत पडून राहिलेल्या खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. ताऱ्यांकडे निघालेला स्वर दुकानाच्या कोपऱ्यांतून उचलावा लागला.

भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले; त्यांच्या गाण्याची तबकडी नाहीं, म्हणून आपण हळहळतों. तेथें दैवाला दोष देतां येतो. परंतु जें वाजविलें, मुद्रित झालें, छापलें आणि आमच्या माळ्यावर येऊन पडलें, तें नाहींसें झाल्यावर दोष कोणाला देणार?

मग करावें काय? काम अवघड नाहीं. ज्यांच्या घरीं तबकड्या आहेत त्यांनीं प्रथम त्या उभ्या ठेवाव्यात; एकीवर एक रचल्या तर खालच्या वांकतात वा तडकतात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांचें पापड होतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटनें कधींही पुसूं नयेत, कारण स्पिरिटांत लाख विरघळते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई नव्या लाँग-प्ले तबकडीवर ठेवणें म्हणजे तिचा नाश करणें होय. उलट लाँग-प्लेची बारीक सुई लाखेच्या तबकडीच्या रुंद खांचेच्या तळाशीं घासत जाते व खरखरच अधिक ऐकविते. यासाठीं संगणकावर प्रत करून घेतांना योग्य सुई असलेलाच मनुष्य गांठावा. कायद्याची भीति बाळगणाऱ्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें, कीं आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें राहतो. १९४० व १९५० च्या दशकांतील मुद्रणांची ती मुदत संपलेली आहे. गीत व स्वररचना यांचे हक्क मात्र निराळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें टिकतात. यादी करण्यास तर कोणताच कायदा आड येत नाहीं.

आणि मुख्य सांगणें तेंच आहे: यादी करा. प्रत कोणाला करतां येईल, कोणाला येणार नाहीं. पण वेष्टनावरचें प्रत्येक नांव, तबकडीवरचा क्रमांक आणि साल हीं वहींत उतरविण्यास कोणता खर्च लागतो? छत्रपती संभाजीनगरांत गाण्याचे दर्दी थोडे नाहींत. संत एकनाथ रंगमंदिरांत संगीत नाटकाला टाळ्या देणाऱ्यांच्या पिढ्या याच उस्मानपुऱ्यांत राहिल्या आहेत. त्यांच्या घरचीं कपाटें उघडलीं तर काय निघेल हें कपाटें उघडल्यावरच कळेल. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें आपल्या गांवची अशी एक नोंदवही ठेवावी, मग तबकडी जॅझची असो, नाट्यपदाची असो, कव्वालीची असो.

आमच्या परीनें आम्हीं ती सुरू केली आहे. आरंभ काकांच्या वहीवरून केला. रकाने पांच आहेत: तबकडीचें नांव, साल, वादक, क्रमांक, आणि ‘सध्यां कोठें आहे’. पहिल्या चाळीस नोंदींपुढें शेवटच्या रकान्यांत आम्हीं आपल्या हातानें ‘रद्दींत दिली’ असें लिहिलें. चाळीस वेळां लिहितांना हात जड झाला, पण लिहिलें. एकेचाळिसावी नोंद शेजारच्या गल्लींतील एका आजींनीं दिली. त्यांची तबकडी त्यांच्याच घरीं आहे, आणि गेल्या रविवारीं ती आम्हीं दोन्ही बाजूंनीं ऐकली.