गाडीतला तक्ता आणि आपली गॅरेजे

कापडाच्या दुकानदाराने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या आपल्या गावांत गल्लीआड एक तरी भाऊ हातात पाना धरून पोट भरतो, आणि त्याच्या धंद्यापुढची अडचण मी माझ्याच गाडीच्या निमित्ताने जवळून पाहिली.

माल पोचविण्यासाठी आमच्याकडे एक छोटी पेट्रोल व्हॅन आहे. एका उन्हाळ्यात ती बेसुमार पेट्रोल पिऊ लागली आणि काळा धूर सोडू लागली. एका ठिकाणी प्लग बदलले, दुसरीकडे पंप, तिसरीकडे इंजेक्टर. खिसा रिकामा झाला, धूर तसाच. शेवटी एका तरुण कारागिराने काहीही न उघडता स्कॅनर जोडला आणि मला पडद्यावरचा आकडा दाखविला. इंजिनाच्या पाण्याचे तापमान १८ अंश! बाहेर मे महिना, पारा ४५ वर, गाडी अर्धा तास चालून आलेली. पोरगा म्हणाला, "चाचा, तुमच्या गाडीला थंडी वाजतेय."

ही थंडी काय भानगड आहे, ते समजून घ्यायला मी त्याच्याकडे दोन संध्याकाळी बसलो. समजले ते असे.

कॅल्क्युलेटर येण्याआधी आपल्या कापडाच्या दुकानांत रेडी रेकनर असे. उभ्या रकान्यात मीटरचा भाव, आडव्या ओळीत किती मीटर. दोन्ही जिथे मिळतात तिथे रक्कम. गुणाकार करीत बसायचे नाही, बोट ठेवायचे आणि आकडा उचलायचा. इंजिनाचा संगणक हेच करतो. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, म्हणजे आत किती हवा जाते आहे ते. समजा १६ उभे आणि १६ आडवे रकाने, तर खाने झाले २५६. प्रत्येक खान्यात लिहिलेले असते की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. ठिणगी किती अंश आधी टाकायची, त्याचा तक्ता वेगळा.

मधला आकडा आला तर? शाळेत लॉगॅरिदमचे कोष्टक वापरताना शेवटचा अंक बाजूच्या फरकाच्या रकान्यातून घ्यायला आमच्या उस्तादांनी शिकविले होते. तोच हा हिशेब. २००० फेऱ्यांना ६ मिलिसेकंद आणि २५०० ला ७ लिहिले असेल, तर २२०० ला ६.४. भारही दोन ओळींच्या मध्ये असेल तर हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही होतो, म्हणजे भोवतालचे चार खाने मिळून एक आकडा निघतो. जिथे इंजिनाची तऱ्हा झपाट्याने बदलते, तिथे रकाने जवळजवळ मांडलेले असतात. तक्त्याची कड संपली की सहसा शेवटच्या खान्यातलाच आकडा धरला जातो.

सरळ गणितच का करीत नाही, असे मी विचारले. ३००० फेऱ्यांना एक फेरा २० मिलिसेकंदांत संपतो. शिवाय सिलिंडरमध्ये नेमकी किती हवा भरेल हे वाल्व्ह आणि नळीच्या आकारावर अवलंबून, ते सूत्रात नीट बसत नाही. म्हणून कंपनीचे इंजिनियर इंजिन डायनामोमीटरवर चढवून एकेक खाना मोजून भरतात.

आता माझी व्हॅन. मूळ आकड्यावर दुसरे तक्ते वजाबाकी-बेरीज करतात. त्यातला एक पाण्याच्या तापमानाचा: इंजिन थंड असेल तर पेट्रोल वाढवा. सेन्सर बिघडून १८ सांगत राहिला, संगणक थंडीच्या ओळीतून आकडा उचलत राहिला. धुरातला ऑक्सिजन पाहून चूक दुरुस्त करणारा सेन्सरही होता, पण इंजिन गरम झाल्याशिवाय त्याचे ऐकायचे नाही असा नियम. धोक्याचा दिवाही लागला नाही, कारण १८ अंश हा आकडा अशक्य नव्हे. तार तुटली असती तर बहुतेक गाड्यांत उणे ४० दिसले असते आणि कोणीही ओळखले असते. तक्ता बरोबर होता, ओळ चुकीची होती. बदलले गेले ते सगळे निर्दोष भाग, आणि पैसे माझे.

माझे म्हणणे इथेच आहे. आपले जुने उस्ताद कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून, कानाने ऐकून गाडी लावीत. त्या हुन्नराला मी सलाम करतो. पण १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. आता स्क्रूच्या जागी तक्ता आहे, आणि तो कानाला ऐकू येत नाही.

काही तरुणांनी यावर भलतीच वाट काढली आहे. कुठून तरी तयार फाइल आणायची, गाडीत भरायची आणि "पिकअप वाढवून दिला" म्हणून पैसे घ्यायचे. दुसऱ्याच्या इंजिनावर मोजलेला तक्ता आपल्या गाडीत घालणे म्हणजे रेशमाचा भाव मांजरपाटाला लावणे. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन जातो. कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकतो. दोन वह्या ठेवण्याचा खेळ मोठ्यांनाही पचला नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीच्या वेळी वेगळ्या आणि रस्त्यावर वेगळ्या वागतात हे २०१५ मध्ये उघड झाले, आणि भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

दोष एकट्या पोरांचा नाही, हेही मी बजावून सांगतो. कंपन्या तक्ते आणि तपासणीची साधने कुलपात ठेवतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणूनच. प्रकरण अपिलात गेले. आपल्या व्यापारी मंडळींनी अशा प्रश्नावर निवेदन दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपण जकातीवर आणि करावर बोललो, पान्यावर कधी बोललो नाही.

तोपर्यंत गॅरेजवाल्या बंधूंनी चार-पाच जणांत मिळून एक बरा स्कॅनर घ्यावा. नुसता कोड वाचून भाग बदलू नये, चालू इंजिनाचे आकडे पाहावेत. इंग्रजीची भीती बाळगू नका, कामाचे शब्द तीस-चाळीसच आहेत.

माझी व्हॅन दुरुस्त करणाऱ्या पोराने सेन्सरचे काहीशे रुपये आणि मजुरी घेतली. त्याच्याकडे एक जाड वही आहे. धडधाकट गाडी सर्व्हिसिंगला आली की तिचे पाण्याचे तापमान, हवेचा दाब, इंजेक्टरचा वेळ तो तीत उतरवून घेतो, म्हणजे तीच गाडी आजारी पडून आली की ताडून पाहता येते. माझ्या व्हॅनचे पान त्याने त्याच संध्याकाळी लिहिले. पाणी, ८८ अंश.