महसुली वर्ष आणि आपला सातबारा



आपले वर्ष पाडव्याला बदलते, महसूल खात्याचे 1 ऑगस्टला. म्हणून तो ‘महसूल दिन’. नवी मुंबईच्या कोकण भवनातून विभागीय आयुक्त 7 जिल्ह्यांचा महसुली कारभार पाहतात. पण या कारभाराची सुरुवात आपल्या तलाठ्याच्या दप्तरातून होते. तेव्हा खात्याचे वर्ष सरण्याआधी, 31 जुलैच्या आत, सातबारा काढून वाचा. वडील वारले असतील तर 3 महिन्यांत वारसाची वर्दी द्या. आईचे आणि लेकींचे नाव विसरू नका. नाव नसले की पीककर्ज अडते, भूसंपादनाचा मोबदलाही अडकतो.

दाखल्यांसारखी अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे 30 दिवसांत अपील करता येते. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि बियाण्याची पावती जपता तशी ती जपा.