टॅरिफ अमेरिकेचा, मग काळजी नवी पेठेत का?

सोलापूर : दिवाळी तोंडावर आली की नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. यातली बरीच गर्दी शहराच्या पूर्व भागातून येते, यंत्रमाग कामगारांच्या हातात बोनस पडल्यावर. २०२५ मध्ये मात्र कारखानदारांचं लक्ष अमेरिकेच्या टॅरिफकडे होतं.

नेमकं झालं काय?

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लावला. रशियन तेलाचं कारण देत २७ ऑगस्टपासून आणखी २५. एकूण ५० टक्के. टॉवेलच्या धंद्यातला आपला मोठा स्पर्धक पाकिस्तान, त्याच्यावर तेव्हा १९ टक्केच. म्हणजे खरी अडचण ५० ची नव्हती, मधल्या ३१ ची होती.

साधं गणित करू. मूळ आयातकर बाजूला ठेवला, तर १०० रुपयांचा भारतीय टॉवेल तिथे तेव्हा १५० ला पडायचा, पाकिस्तानी ११९ ला. बरोबरी साधायची तर इथल्या कारखानदाराने तो ७९ रुपयांना विकायला हवा होता. सूत, रंग, वीज आणि मजुरी भागवून २१ रुपये सोडण्याइतका नफा टॉवेलमध्ये कुठला?

ज्यांचा माल अमेरिकेत जातच नाही, त्यांचं काय?

सोलापुरातल्या अनेक छोट्या कारखान्यांचा अमेरिकेशी थेट संबंध नाही. तरी ते सुटत नाहीत. गुजरात, पंजाबातल्या मोठ्या गिरण्यांच्या अमेरिकेतल्या ऑर्डर अडकल्या, की तोच माल आखात, युरोप आणि देशी बाजाराकडे वळणार. त्यांचे माग नवे, सूतही घरचं. भाव पडला की छोटा कारखानदार आधी एक पाळी बंद करतो. कामगाराची मजुरी कामावर ठरते, त्यामुळे पाळी गेली की आठवड्याचा पगारही आटतो.

केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केलं होतं. सूत थोडं स्वस्त होणार होतं, पण त्याची झळ आपल्याच कापूस उत्पादकाला. तेव्हा डॉलर ८८ रुपयांच्या पुढे गेल्याने निर्यातदाराला जरा हात मिळत होता. ३१ टक्क्यांपुढे दोन्ही तोकडे होते.

मग वाट कुठे होती?

युरोपात. पाकिस्तानी टॉवेल तिथे २०१४ पासून करमुक्त जात होता, भारतीय टॉवेलवर कर लागत होता. युरोपीय संघाशी करार झाला तर ही दरी बुजणार होती, पण तेव्हा चर्चाच सुरू होती. ब्रिटनशी करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, मात्र तिथल्या संसदेची प्रक्रिया तेव्हा बाकी होती. बोनसची बोलणी तर दिवाळीआधीच व्हायची होती.