मोजायला जाणार कोण?

अमेरिका आणि रशिया यांच्यातला ‘न्यू स्टार्ट’ करार ५ फेब्रुवारी २०२६ रोजी मुदत संपून निकालात निघाला. प्रत्येकी १५५० तैनात अण्वस्त्रे ही त्याने घातलेली मर्यादा उठली आणि जो तो त्या आकड्यासाठी हळहळतो आहे. आकडा तसा कधीच फारसा खरा नव्हता. बॉम्बफेकी विमानात अनेक अण्वस्त्रे मावत असली तरी करारात ते विमान एकच अस्त्र म्हणून धरले जाई. गोदामात पडून असलेली अस्त्रे हिशेबात नव्हतीच.

खरे नुकसान वेगळे आहे. या करारामुळे वर्षाला १८ वेळा एका देशाचे निरीक्षक दुसऱ्याच्या तळावर जाऊ शकत. कोणते क्षेपणास्त्र पाहायचे हे पाहुण्यांनी ठरवायचे, यजमानांनी त्याचे टोक उघडून दाखवायचे. आतली रचना कळू नये म्हणून वॉरहेडवर आवरण घातलेले असे, पण किती आहेत ते मोजता येई. हे उपग्रहाला जमत नाही. चीनच्या गान्सू प्रांतात युमेनजवळ खोदलेल्या शंभरावर क्षेपणास्त्र-विहिरी २०२१ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांतूनच शोधल्या. त्यांतल्या भरलेल्या किती आणि रिकाम्या किती, हे त्या छायाचित्रांना सांगता आले नाही.

या तपासण्या मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबल्या, त्या थांबल्याच. पुढे युक्रेन युद्ध पेटले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी करारातला सहभागच स्थगित केला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच आणखी वर्षभर मर्यादा पाळू असा प्रस्ताव मांडला. ट्रम्प यांना तो बरा वाटला. त्या प्रस्तावात तपासणीचे नाव नव्हते. म्हणजे मर्यादा पाळतो असे म्हणायचे आणि पाळतो की नाही हे कोणी येऊन पाहायचे नाही! अशा वचनावर कोणता सेनापती विसंबेल? तो समोरच्याकडे जास्तच असणार असे धरून चालेल. त्याला नवा कारखानाही काढावा लागणार नाही. अमेरिकेच्या मिनटमन-३ क्षेपणास्त्रावर सध्या एकच वॉरहेड असते. तीन बसतील अशी त्याची घडणच आहे. उरलेली गोदामातून आणायची, इतकेच.

चीन म्हणतो, आमची अस्त्रे थोडी, आम्हाला अण्वस्त्र-मर्यादेच्या वाटाघाटीत कशाला ओढता? हिशेब बरोबर आहे. शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजाने २०२५ च्या आरंभी चीनकडे सुमारे ६०० वॉरहेड होती, अमेरिका आणि रशियाकडे प्रत्येकी पाच हजारांवर. पण थोडी असणे हे कपात न करण्याचे कारण होऊ शकते, न दाखवण्याचे नाही. बीजिंगला संशयाचा फायदा हवा आहे आणि वॉशिंग्टनमधल्या शस्त्रवाढीच्या पुरस्कर्त्यांना बीजिंगचा हा नकार फारच सोयीचा आहे.

बेजबाबदार अण्वस्त्रधारी म्हणून ज्यांना या बड्यांनी वर्षानुवर्षे उपदेश केला, त्या भारत आणि पाकिस्तानने १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना दिली आहे. कारगिल झाले, बालाकोट झाले. यादी चुकली नाही. तिच्यात अस्त्रांची संख्या नसते आणि तपासायलाही कोणी जात नाही. तरी वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या आजच्या वागण्यापुढे ती भारदस्त दिसते.