काम सुटले म्हणून गोळ्या सोडू नका

रविवारी सकाळी वंदना आटोपली की उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या ओट्यावर आम्ही बी.पी.चे यंत्र घेऊन बसतो. मागच्या मे महिन्यात एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. ठेकेदारामार्फत एका मोठ्या इमारतीत सफाईचे काम करायच्या, ते जानेवारीअखेर सुटले. यंत्राने वरचा आकडा १९० दाखवला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तोच. गोळी घेतली का विचारले, तर म्हणाल्या, "चार महिने झाले ताई, बंद केली. काम सुटलं तं कार्ड कायचं चालते? अन् दुकानातून घ्याले पैसे कुठून आणू?"

कार्ड म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, आपण वस्तीत ज्याला ई.एस.आय.चे कार्ड म्हणतो ते. त्या दिवशी ते कार्ड चालू होते. नुसते चालू नव्हते, तर त्या वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालणार होते. पण हे त्यांना ठेकेदाराने सांगितले नाही, सुपरवायझरने सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही वस्तीत कधी सांगितले नव्हते. त्या दुपारी त्यांना मुलासोबत मेयोत पाठवले. हा लेख त्या दिवसापासून डोक्यात आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. बेकारी हा आरोग्याचा प्रश्न आहे. काम सुटले की आधी भाजी कमी होते, मग दूध, मग गोळ्या. बेकारीत आधार मिळावा म्हणून सरकारने योजना केली आहे, तिच्यासाठी आपल्याच पगारातून पैसे कापले जातात. पण तिच्या अटी कायम नोकरी असलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून घातलेल्या आहेत. आपल्या वस्तीतला माणूस ठेक्यावर काम करतो. म्हणून ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर राहतो.

योजना काय आहे ते आधी पाहू. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. जुलै २०१८ पासून महामंडळाची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. तिच्यात काम सुटलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो. सुरुवातीला तो सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता, २०२० च्या कोरोनाच्या काळात ५० टक्के केला. बारा हजार पगार असेल तर रोजचे साधारण दोनशे रुपये धरा, तीन महिन्यांचे अठरा हजार. हा लाभ आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चौकशी करावी.

अठरा हजार रुपये म्हणजे घरभाडे, किराणा आणि मुलीच्या कॉलेजची फी तीन महिने कशीबशी निभते. मग ते मिळत का नाहीत? आमच्याकडे येणाऱ्या लोकांच्या पिशव्यांतले कागद पाहता पाहता आम्हाला तीन गाठी दिसल्या.

पहिली गाठ नंबरची. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षे विमा असावा, आणि काम सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची व त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, अशी अट आहे. सहा-सहा वर्षे एकाच जागी झाडू मारणाऱ्या बाईला ही अट जड नाही. पण दर वर्षी ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा काढतो. त्या बाईंच्या पिशवीत तीन कार्डे निघाली. जागा एक, काम एक, बाई एक, आणि कागदावर तीन वेगवेगळ्या कामगार. खरे तर विमा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो.

दुसरी गाठ कारणाची. गैरवर्तनावरून काढलेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही. दर महिन्याची वर्गणी भरताना, कामगार कामावर नसेल तर त्याचे कारण मालक संगणकावर नोंदवतो. काम उरले नाही, कपात केली, की कामगार सोडून गेला? ठेकेदाराला सोपे काय, तर 'सोडून गेला'. कामगाराला त्याचा पत्ताही नसतो. काही जण तर शेवटचा पगार देताना छापील राजीनाम्यावर सही घेतात. आम्ही स्वतः नर्सिंगच्या डिप्लोमानंतर एका खाजगी रुग्णालयात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबलो. शेवटी 'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगितले, आणि मूळ प्रमाणपत्र परत हवे असेल तर राजीनामा लिहा म्हणाले. आम्ही लिहिला. शिकलेली नर्स लिहून देते, तिथे अंगठा लावणाऱ्या बाईला आम्ही काय दोष द्यावा?

तिसरी गाठ नावाची. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे, विम्याच्या नोंदीत तिसरे. लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे आडनाव, जन्मतारखेत 'एक जानेवारी'. २०२० मध्ये एक चांगला बदल झाला. आता अर्ज मालकामार्फत द्यावा लागत नाही, कामगार स्वतः देऊ शकतो, आणि काम सुटल्यावर ३० दिवसांनी देता येतो. पण नाव जुळले नाही तर पुन्हा त्याच मालकाच्या दारात जावे लागते.

आता या गाठी सोडवायच्या कधी? काम शोधायचे त्याच दिवशी. बेकार माणसाला दोन रांगा असतात. एक काम मिळवण्याची, दुसरी काम नाही हे सिद्ध करण्याची. कागदासाठी बर्डीकडे गेले की सकाळी ठिय्यावर उभे राहण्याचा दिवस बुडतो. बुटीबोरीला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत काम विचारायला गेले की ऑनलाइन केंद्रात 'काल का नाही आले' म्हणून ऐकून घ्यावे लागते. जाण्या-येण्याचा खर्च दोन्हीकडे. घरी आले की कोणीतरी विचारतेच, "काहून, झालं का काही?" ज्यांनी कधी बेकारी पाहिली नाही ते म्हणतात, लोकांना काम करायचे नसते. त्यांनी एकदा ही पिशवी घेऊन महिनाभर फिरून पाहावे.

रोजगार कार्यालयाचे कार्ड काढलेल्या घरांनाही हे ठाऊक असेल. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा रोजगार कार्यालयाला कळवणे सक्तीचे केले. पण माणूस तिथल्याच यादीतून घेतला पाहिजे अशी सक्ती केली नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्या घरातली मुले त्या यादीत नाव ठेवून वाट पाहत बसली ती यामुळे. गावाकडे निदान रोजगार हमीचा आधार आला. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा करून ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क दिला आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता. शहरातल्या वस्तीला तसा हक्क अजून नाही. २०२४ मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा हजार महिना. आधी सहा महिने, पुढे मुदत वाढवून अकरा. वस्तीतली मुले गेली, मन लावून काम शिकली, आणि मुदत संपल्यावर घरी आली. प्रशिक्षणाला नोकरी म्हणता येत नाही, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांना तर तेही नाही.

कोणी म्हणेल, सरकारने किती द्यायचे? त्यांना इतिहास सांगावा लागतो. बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. रोजगार कार्यालयेही मजूर खात्याच्या त्याच वर्षांतली. ही योजना नागपुरात १९५४ मध्ये सुरू झाली, तेव्हा एम्प्रेस मिल चालू होती. मिलच्या भोंग्यावर आपल्या वस्त्यांची घड्याळे लागत. कामगाराला नंबर होता, कार्ड होते आणि आजारपणात अर्धाअधिक पगार होता. मिल गेली, भोंगा गेला, कायम नोकरी गेली. कायद्याने दिलेला विमा मात्र आहे. आपली वर्गणी भरून मिळवलेली गोष्ट भीक कशी असेल?

नर्स म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

काम सुटल्याच्या दिवशी ई.एस.आय.चे कार्ड बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत, आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरली असेल तर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत उपचार मिळतात. तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांनाही. बेकारी भत्ता चालू असेल तेवढे दिवसही उपचाराची सोय आहे. कार्ड संपले तरी महापालिकेच्या दवाखान्यात बी.पी. आणि शुगर तपासून घ्या, गोळ्या तिथून सुरू ठेवा. बी.पी.ची गोळी 'बरे वाटते' म्हणून किंवा 'पैसे नाहीत' म्हणून अचानक सोडू नका. लकवा मारला तर घरातला दुसरा कमावता माणूसही खाटेजवळ बसून राहतो.

सिकलसेलच्या मुलामुलींची आम्हाला जास्त काळजी वाटते. विदर्भात आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे ते वेगळे सांगायला नको. मे महिन्याच्या उन्हात मुलाखतीच्या रांगेत चार-चार तास उभे राहायचे, पुढे नंबर जाईल म्हणून पाणी प्यायचे नाही, लघवीला जायचे नाही. यातून दुखण्याचा झटका येतो. पाण्याची बाटली सोबत ठेवा, घोट-घोट पीत राहा, डोके झाका, रोजच्या गोळ्या चुकवू नका. आणि आजार लपवून भट्टीजवळचे किंवा ओझ्याचे काम पत्करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करा.

झोप न येणे, भूक मरणे, सारखे रडू येणे, दारू वाढणे, 'माझ्या जगण्याचा काय उपयोग' असे बोलणे, हेही बेकारीतले आजारच आहेत. घरातल्या माणसाला टोमणे मारू नका, एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येते. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

कागदांचे काम नोकरी चालू असतानाच करा. आपला विमा क्रमांक वहीत लिहा आणि ठेकेदार बदलला की तोच नंबर द्या. आधार, बँक आणि विम्याच्या नोंदीतले नाव आजच जुळवून घ्या. वर्गणी भरली जाते की नाही ते दर सहा महिन्यांनी तपासा. कोऱ्या कागदावर सही करू नका. राजीनामा मागितला तर 'मला कामावरून कमी केले आहे' असे स्वतःच्या हाताने लिहून तारखेसह द्या, त्याचा फोटो ठेवा. जिला लिहिता येत नाही तिला विहारात पाठवा, आम्ही लिहून देतो.

पण सगळे ओझे कामगाराच्याच डोक्यावर का? आमची मागणी अशी आहे. कार्यालयाकडे आपल्या वर्गणीचा महिन्या-महिन्याचा हिशेब आहे. वर्गणी थांबली हे त्याला आपल्या आधी कळते. तेव्हा कार्यालयानेच कामगाराच्या मोबाइलवर कळवावे की तुमचा विमा थांबला आहे, मालकाने हे कारण लिहिले आहे, मान्य आहे का, आणि अमुक तारखेपर्यंत तुमचे उपचार चालू आहेत. अनेक नंबर झाले असतील तर ते कार्यालयाने जोडावेत. मालकाने लिहिलेले कारण खरे आहे हे मालकाने सिद्ध करावे. आणि ठेक्यावर राबणाऱ्या माणसाचे काम दर दोन-चार वर्षांनी सुटत असताना भत्ता आयुष्यात एकदाच, हा नियम बदलावा.

त्या बाई आता दर पंधरा दिवसांनी येतात. गोळ्या चालू आहेत, मागच्या वेळी वरचा आकडा १४० होता. दोन घरी स्वयंपाकाचे काम मिळाले आहे. भत्त्याचा अर्ज मात्र अजून अडलेला आहे, कारण संगणकात 'सोडून गेली' असे लिहिलेले आहे. त्या म्हणतात, "मी कुठं सोडून गेली ताई? मी तं गेटवरच उभी होती."

येत्या रविवारी वंदनेला येताना आपले कार्ड सोबत आणा. बी.पी. तपासू आणि नंबरही पाहू.

जयभीम.